हार्ट फेल्युअर म्हणजे ‘हार्ट फेल’ नव्हे

इस्लामपूरजवळच्या एका गावातून एका बहिणीचं पत्र आलंय. यजमान ६१ वर्षांचे, शेतकरी. दोन वर्षांपूर्वी त्यांना अटॅक येऊन गेला. गेल्या श्रावणात धाप लागून दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर मुलीनं ‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द आणि ‘ईएफ ३० टक्के’ हा आकडा वाचला. यजमानांना मात्र ‘थोडी कमजोरी आहे’ एवढंच सांगितलंय. जरा बरं वाटलं की ते गोळ्या सोडतात. दिवाळीनंतर त्यांना पुन्हा ॲडमिट करावं लागलं. बहीण विचारते, “खरं सांगितलं तर हे हाय खातील, नाही सांगितलं तर गोळ्या घेत नाहीत. ताई, मी काय करू? आणि किती दिवस राहिलेत ह्यांचे? माघात भाचीचं लग्न आहे, तिथं न्यावं की नको?”

प्रिय बहिणी,

त्यांना सांगा. याच आठवड्यात सांगा.

आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. मयताला गेल्यावर दारात हाच शब्द कानावर पडतो. कार्डावर तोच वाचून तुमच्या मुलीच्या हातापायांतलं बळ गेलं, यात तिची काही चूक नाही. पण त्या दिवसापासून माणूस समोर बसून चहा पितोय आणि घरानं त्याचं सुतक धरलंय. त्यांना हे कळत नसेल असं तुम्हाला वाटतं? आपण खोलीत आलो की बोलणं थांबतं, हे लहान मुलालाही कळतं.

डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात त्यात हृदय बंद पडलेलं नसतं, त्याचा जोर कमी झालेला असतो. विहिरीवरची जुनी मोटार चालू असते, पण पाणी वरच्या वाफ्यापर्यंत चढत नाही, तसं. तुमचे यजमान शेतकरी आहेत, त्यांना हे एका वाक्यात पटेल. रक्त पुढे कमी जातं आणि मागे पाणी साठतं. फुप्फुसात साठलं की आडवं झाल्यावर जीव घुसमटतो, पायांत उतरलं की घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहतो.

आता तो ‘ईएफ’चा, म्हणजे एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं त्याचा, ३० चा आकडा. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. यजमानांचं ३० टाकतं. हे बरंच कमी आहे. पण शंभरातले सत्तर संपले, असा त्याचा अर्थ नाही.

किती दिवस, हे मी सांगू शकत नाही. आजार हलका आहे असंही म्हणणार नाही. तो गंभीर आहे आणि जन्मभर सोबत राहणारा आहे. पण नेमानं औषधं घेतल्यावर काही महिन्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली की हा आकडा वर आलेला दिसतो, अशी माणसं खूप आहेत. ही संधी त्यांना मिळायला हवी, आणि नेमकी तीच आपण लपवाछपवीनं घालवतोय.

तुम्ही लिहिलंय, ते म्हणतात, “बीपी नॉर्मल आहे, मग बीपीची गोळी कशाला? आणि मला साखर नाही, मग ही साखरेची कशाला?” अहो, हे प्रश्न किती रास्त आहेत! उत्तर कुणी दिलंच नाही, म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. त्या बीपीच्या गोळ्या इथं हृदयावरचा भार हलका करायला आणि त्याची आणखी झीज होऊ नये म्हणून दिलेल्या असतात. साखरेच्या म्हणतात त्या डापाग्लिफ्लोझिनचा फायदा मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही होतो, हे २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत दिसून आलं. ठोके आवरणारी गोळी तर एकदम तोडली की धोकाच. बरं वाटतंय ते या गोळ्यांमुळेच वाटतंय, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. खर्च जड जात असेल तर तेही तिथंच मोकळेपणानं बोला. डापाग्लिफ्लोझिनची जेनेरिक गोळी आता पुष्कळ स्वस्त मिळते.

माझ्या वडिलांनी शेवटचं वर्ष खुर्चीत बसून झोपत काढलं. आधी एक उशी, मग दोन, मग तीन, आणि मग खुर्ची. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला झोप नाही. त्या वाढत्या उश्या म्हणजे छातीत चढत चाललेलं पाणी होतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं. म्हणून तुम्हाला कळवळून सांगते, यजमानांच्या उश्या मोजा.

आणि एक वजनकाटा आणा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं आणि वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, धाप लागायची वाट बघायची नाही. वही त्यांच्या हातात द्या. ज्यानं उसाच्या पाळ्या आणि खताचे हिशेब आयुष्यभर ठेवले, तो हाही ठेवील. तुम्ही दिवसभर “गोळी घेतली का, मीठ खाल्लं का” करत मागे फिरता, ते थांबेल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त थकवा त्याच ओळींत दिसला.

मिठाचं म्हणाल, तर त्यांच्यासाठी वेगळं अळणी पातेलं चढवू नका. सगळ्यांचंच कालवण कमी मिठाचं करा. लसूण, जिरं, लिंबू, कोथिंबीर आहेच. माणशी दिवसाला चहाचा सपाट चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा, फरसाण सगळं आलं. सैंधव म्हणजेही मीठच. ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि यातल्या काही गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढतं. गुडघ्यासाठी ते मेडिकलमधून परस्पर आणतात ती दुखण्यावरची गोळीही बंद करा, तिनं अंगात पाणी साठतं. दिवसाला पाणी किती प्यायचं, तेही विचारून घ्या.

सांगायचं कसं? याच आठवड्यात तपासणीला दोघं मिळून जा. आत जाण्याआधी डॉक्टरांना निरोप द्या की ह्यांना आजाराचं नाव माहीत नाही, तुम्ही समजावून सांगा. घरी आल्यावर एकच म्हणा, “घाबरून लपवलं, चुकलं माझं.” ते रागावतील, कदाचित एक दिवस जेवणार नाहीत. त्यांना रागावू द्या. पुढेही आठवडे गप्प राहिले, कशातच मन लागेना, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. या आजारात मन खचतं आणि त्यावर उपचार आहेत.

आणि लग्नाला जायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. दम लागत नसेल, वजन स्थिर असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर जरूर जा. मागच्या वेळी एसटीत लघवीला कुठं जाणार म्हणून त्यांनी अंगातलं पाणी काढणारी लघवीची गोळी चार दिवस बंद ठेवली होती ना? या वेळी आधीच विचारा, प्रवासाच्या दिवशी ती मुक्कामी पोचल्यावर घेतली तर चालेल का. बऱ्याचदा चालतं. गोळ्यांची पिशवी हातातल्या सामानात ठेवा, आणि अक्षतांच्या वेळी त्यांच्यासाठी पुढे एक खुर्ची मांडून घ्या.

तुमची,
ताई