वाचक विचारतात : अँटिग्वाभोवती शिडाच्या होडीतून

प्रश्न : गोव्यात शिडाची होडी चालवायला शिकलो. जानेवारीत आम्ही चौघे कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर 40 फुटी होडी भाड्याने घेणार आहोत. बेटाला फेरी कोणत्या बाजूने मारावी? आणि रात्री नांगर घसरतो म्हणतात, तो का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : किनारा सुमारे 87 किलोमीटरचा, आठवडा पुष्कळ झाला. वारा पूर्वेचा, त्या दिवसांत बहुधा 15 ते 25 नॉट (ताशी सुमारे 28 ते 46 किलोमीटर). पश्चिमेच्या जॉली हार्बरहून निघत असाल तर दक्षिणेने पूर्व गाठा, उत्तरेने परता. पूर्वेला जाताना वाऱ्याविरुद्ध नागमोडी जायला मोकळे पाणी लागते. उत्तरेला मात्र प्रवाळ पसरलेले आहे. पूर्वेच्या नॉनसच बेमध्ये सकाळी दहा-अकराला शिरा. ऊन पाठीशी असले की तपकिरी खडक आणि पांढरी वाळू वेगळी दिसते.

आता नांगर. शेतातल्या फाळासारखाच हाही आडव्या ओढीने रुततो, ओढ वर गेली की उपटून येतो. म्हणून साखळी लांब हवी. बहुतेकजण खोली धरतात आणि नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, उंची विसरतात. खोली 4 मीटर, नाळ पाण्यावर 1.2 मीटर, मिळून 5.2. त्याच्या पाचपट, म्हणजे 26 मीटर साखळी. वारा चढला तर सातपट, साधारण 36.

जागा वाळूची निवडा, समुद्री गवतात फाळ शिरत नाही. नाळ वाऱ्याकडे करून होडी थांबली की नांगर तळाला टेकवा आणि होडी मागे सरकेल तशी साखळी सोडा. एकदम ओतली तर तिचा ढीग नांगरावरच पडतो. शेवटी इंजिन उलटे, हळूहळू वाढवत. साखळीवर तळहात ठेवा : खडखड जाणवली तर घसरतोय. किनाऱ्यावरचे झाड आणि त्यामागचे घर एका रेषेत धरा, रेषा मोडली नाही तर बसला. तरी गॉगल लावून एक बुडी माराच, पाणी नितळ असते.

गोव्याच्या दोन सवयी मात्र सोडा. तिथे बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डावीकडे असतो, कॅरिबियनमध्ये उजवीकडे. आणि होडी वाळूत रुतली तर भरती उचलेल या भरवशावर राहू नका. अँटिग्वातली भरती-ओहोटी जेमतेम हातभर.

प्रश्न : गणपतीच्या सुट्टीत गेलो तर?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नको. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम, सप्टेंबर त्यातला ऐन भर.