गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की, पावसाळी लाइन लांब पडते, प्लंबर म्हणतो गच्चीचा पाइप जवळच्या ड्रेनेज चेंबरला जोडून टाकू, तर चालेल का? नाही चालणार. प्लंबरचं ऐकू नका.

साधा हिशेब करा. ५०० चौरस मीटर गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला की २५,००० लिटर पाणी होतं. चाळीस फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर वापर आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं, तर अख्ख्या बिल्डिंगचं दिवसभराचं मैलापाणी सतरा हजारांच्या आसपास भरतं. त्याच पाइपात तासाभरात दीडपट पाणी घुसवलं की चेंबरचं झाकण उचललं जातं आणि मैला पार्किंगमधून थेट ओढ्याला लागतो.

आमच्याकडे उलटी भानगड होती. आम्ही पुण्यात, रामनदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी राहतो. जानेवारीत कंपाउंडच्या भिंतीमागे गेले, तर पावसाळी पाइपाच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. तीन महिने पावसाचा थेंब नाही आणि पाइपाखाली पांढरा फेस, दगडांवर करडा बुळबुळीत थर. मी समितीत विषय काढला. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "साबणाचं पाणी आहे ते, मैला थोडाच आहे?"

मग मी रंगपंचमीचा उरलेला लाल रंग बादलीत कालवला, आमच्याच ड्राय बाल्कनीच्या जाळीत ओतला आणि खाली जाऊन उभी राहिले. चार-पाच मिनिटांत ओढ्याकडचा पाइप लाल झाला. बिल्डरने वॉशिंग मशीनची सगळी लाइन पावसाळी पाइपाला जोडून ठेवली होती. नऊ वर्षं आम्ही चाळीस घरांचे कपडे नदीत धूत होतो, त्यात माझेही.

साबणाचं पाणी म्हणजे काही नाही, हे मला आजही मान्य नाही. पाषाण तलावावर जलपर्णी कशावर पोसते? अशाच सांडपाण्यावर. मुळा-मुठेसाठी जपानी कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण प्रकल्प घेतले, पण जे पाणी ड्रेनेजमध्ये पोचतच नाही ते शुद्ध होणार कुठे? पावसाळी गटाराच्या वाटेवर कुठलाही प्रकल्प नसतो, ते सरळ नदीत जातं. एवढी एक गोष्ट अध्यक्षांना पटवायला मला दोन वार्षिक सभा लागल्या.

तेव्हा पाइप लांबचा घ्या, खर्च करा. नाहीतर गच्चीचं पाणी गाळणीतून शोषखड्ड्यात किंवा बोअरला सोडा. पहिल्या पावसाचं पाणी मात्र बाहेर काढा, गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण बोअरमध्ये नको. आणि हात घातलाच आहे तर रंग टाकून सगळ्या लाइन तपासून घ्या.

हां, जुन्या वस्तीत मैला आणि पाऊस दोन्हींसाठी गल्लीला एकच लाइन असेल तर माझा हिशेब तसाच लागू होणार नाही. आधी वॉर्ड ऑफिसात नकाशा बघा. चेंबर तपासायला माणूस आत उतरवू नका, आत विषारी वायू असतो.

आमच्या सहा पावसाळी पाइपांपैकी पाच आता उन्हाळ्यात कोरडे असतात. सहाव्या ओळीतले चार फ्लॅट अजून फोडाफोडीला तयार नाहीत.