ख्रिश्चन नजरेतून पोस्टमॉडर्निझम म्हणजे नेमकं काय?

सोप्पं सांगायचं तर सगळ्यांना लागू पडणारी एकच मोठी कहाणी असते यावर विश्वास न ठेवणं, फ्रेंच विचारवंत ल्योतारने 1979 मध्ये साधारण हेच मांडलं. आता बायबल तर उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत एकच सलग कहाणी, शिवाय त्यातल्याच योहान 14:6 या वचनात येशू सरळ म्हणतो की मार्ग, सत्य, जीवन मीच, त्यामुळे बरेच पास्टर पोस्टमॉडर्निझम हा शब्द ऐकला तरी भडकतात. मला ते जरा घाईचं वाटतं. ल्योतारचा रोख मुख्यतः विज्ञान, प्रगती वगैरेच्या नावाने स्वतःला खरं ठरवणाऱ्या कहाण्यांवर होता, आणि जेम्स के. ए. स्मिथसारखे ख्रिस्ती तत्त्वज्ञ म्हणतात की बायबल तसं करतच नाही, ते श्रद्धेवर उभंय. खरा खटका उडतो तो "तुझं सत्य तुला, माझं मला" इथे, तिथे चर्चचं जमणं अवघडच.