शेजारी कोण बसलंय

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी आलास, दोन तास बसलास, काकूने वाढलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी अर्धी टाकून गेलास. बोललास खूप. त्यातलं एकच वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. "काका, आमच्या घरात सिनेमा कुणालाच कळत नाही." तिथंच काही बोललो असतो तर आवाज चढला असता आणि काकू आतून बाहेर आली असती. म्हणून लिहितोय.

तू जे विचारायला आला होतास ते आधी उरकतो. एक तारखेला कंपनीत रुजू व्हायचं की नोकरी सोडून फिल्म इन्स्टिट्यूटच्या परीक्षेला बसायचं, हे मला विचारू नकोस. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 साली ती संस्था निघाली. तिथं शिकून माणसं मोठी झाली, न शिकताही झाली. आपल्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे कुठं तिथं शिकला? फॉर्म भरायचा तर भर, पैसे कमी पडले तर सांग. माझं म्हणणं वेगळंच आहे. पिक्चर बघताना शेजारी कोण बसलंय ते बघ. एवढंच. हे मी या पत्रात पुन:पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलास तरी वाच.

माझे वडील, आण्णा, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. विणकाम खात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, धोटे आपटायचे. तिथं वीस-पंचवीस वर्षं काढली की माणसाचे कान जातात. खात्यात ओरडून उपयोग नसायचा, म्हणून सगळे ओठांवर आणि हातांवर बोलायचे. आण्णा समोरच्याच्या ओठांवरून अख्खं वाक्य उचलायचे. घरी मात्र आई पाठमोरी चुलीपाशी असायची, मग त्यांना काहीच कळायचं नाही आणि भांडण व्हायचं.

थिएटरात आम्ही पिटात, पडद्याजवळच्या स्वस्त जागी, बसायचो. हिरो पाठमोरा होऊन काही बोलला की आण्णा मला विचारायचे, "काय म्हणायलाय त्यो?" बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सगळं थिएटर वळून बघायचं. मागून एखादा, "ए म्हाताऱ्या, गप बस की बे." मी सोळा वर्षांचा होतो. एकदा मागच्या रांगेत माझ्या वर्गातली चार पोरं निघाली, आणि त्यानंतर मी आण्णांबरोबर पिक्चरला गेलो नाही. त्यांनी विचारलं की अभ्यास आहे म्हणायचो. ते दुसऱ्या पाळीला गेले की एकटा जाऊन बसायचो.

यात माझी बाजूही ऐकून घे. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सातजण. अंधारातली एक खुर्ची, तीन तास, कुणी हाक मारत नाही, पाणी आण म्हणत नाही. तेवढी एकच जागा माझी होती. मी पळालो नव्हतो. बरं, पळालो होतो. पण त्या पळण्यातूनच मला सिनेमा लागला, आणि तो लागला नसता तर टॉवेल कारखान्याच्या खतावण्या चाळीस वर्षं लिहिणं मला जमलं नसतं, हेही खरं आहे. तेव्हा मला फार दोष देऊ नकोस. मी देतो तेवढा पुरे आहे.

पण ऐक. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आण्णांनी विचारलं होतं, "वर उजव्या कोपऱ्यात धागा तुटल्यागत काय चमकतंय रे?" मी म्हटलं, काही नाही, पुढं बघा. पुढं पंचविशीत एका थिएटरच्या ऑपरेटरशी माझी दोस्ती झाली, त्याच्या केबिनमध्ये उभा राहायचो, तेव्हा कळलं. रीळ संपत आलं की कोपऱ्यात ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, सातेक सेकंदांनी दुसरा येतो, त्याला पडदा त्या मशीनवर घ्यायचा. सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात, त्यातल्या चारांवर तो ठिपका. म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. भरधाव कापडात तुटलेला धागा हेरणाऱ्या माणसाला तो दिसला होता. मला केबिनमध्ये जाऊन कुणीतरी दाखवावा लागला. सिनेमा कुणाला कळत होता, सांग.

आणखी एक. डॉ. कोटणीसांचा सिनेमा मॅटिनीला लागला होता. आपल्या सोलापूरचा मुलगा, 1938 साली चीनला गेला, 1942 साली तिथंच वारला, बत्तीस वर्षांचा. शांतारामबापूंनी 1946 साली त्याच्यावर चित्र काढलं, भूमिकाही स्वत:च केली. तू परवा त्याला 'जुना ब्लॅक अँड व्हाइट' म्हणून बाजूला सारलंस. आण्णा बाहेर आले आणि म्हणाले, "चिनी बाई हाय म्हणत्यात, पर व्हट मराठी हायती." ती नटी जयश्रीबाई होती. पात्र चिनी, बोलणं हिंदी, आणि तोंडाची ठेवण आण्णांनी बरोबर ओळखली. मी तेव्हा हसलो होतो. अजून एखादा तरी समीक्षक मला दाखव, जो नटीच्या ओठांवरून तिची मायबोली सांगेल.

तेलुगू पिक्चर लागला की ते खात्यातल्या पद्मशाली दोस्तांबरोबर जायचे. तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. येऊन स्टोरी मात्र नीट सांगायचे. दोस्त म्हणायचे, बरोबर आहे.

हे सगळं मला नंतर जुळवावं लागलं, कारण ऐन वेळी मी शेजारी नव्हतो. म्हणून म्हणतो, शेजारी बघ.

आता तुला वाटेल, काका लग्नानंतर सुधारले असतील. छे. काकूला मी हौसेने न्यायचो, बाल्कनीचं तिकीट, मध्यंतरात खारे शेंगदाणे. आणि तीन तास तिच्या कानात बोलायचो. हा शॉट बघ, इथं कॅमेरा बघ कसा खाली आला, आता बघ काय होतंय. ती झोपायची, मला राग यायचा. वीस वर्षांनी एकदा म्हणाली, "तुम्ही मला पिक्चरला न्यायचात कुठं? तुमचं ऐकायला न्यायचात." मी म्हटलं, अगं, मला सांगायला दुसरं कोण होतं? ती म्हणाली, मला तरी ऐकायचं होतं का. यावर माझ्याकडे उत्तर नाही. 2016 साली 'सैराट' लागला तेव्हा मी पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. अकलूजची शाळकरी पोरगी आपल्या भागाची बोली पडद्यावर फाडफाड बोलायला लागली आणि काकू माझ्या आधी हसली. दोन-तीनदा असं झालं. मी तिच्याकडेच बघत बसलो.

तुझ्या घरचं बोलू. तुझ्या वडिलांकडे मागच्या महिन्यात आलो होतो, तू कानात ते घालून फोनवर काहीतरी कोरियन बघत होतास. मान वर केली नाहीस. (हेही मला खटकलं होतं, तेव्हा बोललो नाही.) तुझी आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. टीव्हीवर कुठलासा जुना पिक्चर. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, नजर एकदाही सुपात नाही, हात आपोआप चाललेले. माझ्याशी मराठीत बोलते, तुझ्याशी तेलुगूत, आणि टीव्हीतल्या खलनायकाला हिंदीत शिव्या. मग एका जागी तिचा हात थांबला. पडद्यावर कुणीतरी बाई वाढलेल्या ताटासमोर नुसती बसली होती. गाणं नाही, डायलॉग नाही. आईची कात्री अर्ध्या पानात तशीच. अर्धं मिनिट असेल. मग तिने नाक ओढलं आणि राहिलेली भर काढायला जरा जास्तच जोरात वळायला लागली.

हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईचं अर्धं मिनिट कुणीतरी काढून घेतलं, आणि तू शेजारच्या खोलीत म्हणतोस घरात कुणाला कळत नाही. अरे, तुझ्या घरात मोजमापाचं यंत्र बसलंय!

तुझी ती सात मिनिटांची फिल्म मी दोनदा बघितली. ड्रोनने सिद्धेश्वरचं तळं छान दिसतं, मान्य. पण ते कावळ्यालाही तसंच दिसतं. धुराडं दाखवलंस, हळूहळू चालणारा म्हातारा दाखवलास, मागे व्हायोलिन. त्या म्हाताऱ्याशी बोलला होतास का? त्याला ऐकू येतं का, ते तरी विचारलंस? माझा राग येऊ दे. नवव्या सेकंदाला पाणी भरणारी जी बाई उगाच आली आहे ना, घागर कमरेवर घेताना थांबून कुणाकडे तरी बघते, ती तेवढी खरी आहे. तीच तू कापायची म्हणतोयस.

येत्या रविवारी ती फिल्म टीव्हीला जोड आणि आईला दाखव. सूप बाजूला ठेवायला सांगू नकोस. तू पडद्याकडे बघू नकोस, तो तुला पाठ आहे. शेजारी बघ. एक शब्द बोलू नकोस, माझ्यासारखं करू नकोस. कात्री कुठल्या सेकंदाला थांबते तेवढं लिहून ठेव. एकदाही थांबली नाही तर रडत बसू नकोस, फोन कर, आपण बसून कापू.

आण्णांच्या शेवटच्या वर्षांत घरी टीव्ही आला. त्यांना ऐकू जावं म्हणून मी आवाज वाढवत राहायचो, वरच्या मजल्यावरचे ओरडायचे. एके दिवशी ते वैतागले. "बंद कर त्यो आवाज. मला बघू दे." मी आवाज बंद केला आणि कामाला निघून गेलो. तेव्हाही बसलो नाही.

तुझा पेनड्राइव्ह इथंच राहिलाय. न्यायला येशील तेव्हा वडिलांना घेऊन ये. भाकरी कडक आहे, पंधरा दिवस तिला काही होत नाही. तुझी अर्धी काकूने डब्यात ठेवली आहे.

तुझा,
काका