‘यथाशक्ती’ खोडलं आहे

शालोम पोरी,

तुझ्या कीर्तनाच्या आयोजकांना लिहिलेल्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. सगळं नीट आहे. फक्त शेवटून दुसऱ्या ओळीतल्या ‘मानधन यथाशक्ती’मधला दुसरा शब्द मी खोडलाय, इतका जोर लावून की पानाच्या मागे उमटलाय. तिथं आकडा लिही. पेटीला तीन हजार, तबल्याला तीन, झांजेला दोन, सहा तालमींचं जाणंयेणं, तुझं लिहिण्याचं वेगळं आणि गाण्याचं वेगळं. बेरीज कर आणि खाली रेघ मार.

तू मला हे विचारलंच नव्हतंस, ठाऊक आहे. तू चार पानं भरून विचारलंस की आपल्या शास्त्रातल्या एस्तेर राणीचं आख्यान एस्तेरच्याच तोंडून सांगितलं तर चालेल का, मध्ये हिब्रू ओळी आल्या तर चालतील का. आपल्या बेने इस्राएलांतले, मराठी ज्यूंतले एक वडीलधारे म्हणाले, ‘हे आपलं कीर्तन नव्हे.’ आयोजक म्हणाले, ‘नऊवारी नेसा, शंभर टक्के पारंपरिक हवंय.’ दोघांच्या मध्ये तुझं भरीत झालंय. पण पोरी, चार पानं त्यावर आणि पैशांवर एक शब्द, तोही यथाशक्ती!

चार पानांचं उत्तर पटकन देऊन टाकतो, कारण त्यात मला फार अवघड काही दिसत नाही. आपलं कीर्तन काही मोशेच्या आज्ञांसारखं सिनाय पर्वतावरून आलेलं नाही. १८८०च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी हरदासांचं कीर्तन घेतलं, साकी, दिंडी, आर्या घेतल्या आणि त्यात योसेफ, मोशे, एस्तेर बसवले. तेव्हाही कुणीतरी ‘हे आपलं नव्हे’ म्हणालंच असेल. १८७४ साली पुण्यात छापलेली हगादा, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, पाहा: एका बाजूला हिब्रू, दुसरीकडे मराठी, आणि चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात. छापखाना अग्निहोत्र्यांचा. (अग्निहोत्र्यांनी ती यथाशक्ती छापून दिली असेल असं मला वाटत नाही.) एस्तेरच्या पुरिम सणाला आपल्या आज्या होळीचा सण म्हणायच्या, मंदिर पडल्याच्या शोकाच्या तिशा ब’आवच्या उपासाला बिरड्याचा रोजा. आता सांग, शंभर टक्के म्हणजे कुठले शंभर?

एस्तेरच्या मगिल्लात, तिच्या पोथीत, देवाचं नाव एकदाही येत नाही, मग नमन कसं करायचं, हा तुझा प्रश्न मात्र मला आवडला. नमन पूर्वरंगात कर, एलियाहू हनाबीचं, आपल्या एलिया संदेष्ट्याचं घे. आख्यानात देव घुसडू नकोस. त्या राणीला वाड्यात जितकं एकटं वाटलं असेल, तितकं श्रोत्यांनाही वाटू दे. हिब्रू ओळी ठेव. नऊवारी नेसावीशी वाटली तर नेस, मनात नसेल तर नेसू नकोस. झालं.

आता बिदागी.

हरदासांना बिदागी मिळायची. नारळ, पंचा, शिधा, वर रोख. गावाला ठाऊक असायचं की बुवा इतके घेतात. आपण कीर्तन उचललं, पेटी उचलली, झांज उचलली, बिदागी तेवढी त्यांच्या ओसरीवर ठेवून आलो. आपल्यातले गाणारे पगारी कारकून, मास्तर, रेल्वेवाले. समाजाचं काम, पैसे कसले घ्यायचे? मीही तसाच. रेल्वेत नोकरी, एक तारखेला पगार, त्यामुळे मोठेपणा परवडायचा. बावीस वर्षं गायलो, एक रुपया घेतला नाही, आणि याचा मला गर्व होता. चांगलाच होता.

माझ्या तबलजीला पगार नव्हता. तो आमच्यातला नव्हता, पण आमच्या चाली त्याला माझ्याहून पक्क्या होत्या. दिंडीतून साकीत जाताना मी कुठे श्वास घेतो हे त्याचा डग्गा ओळखायचा. मी पैसे घेत नाही म्हटल्यावर त्यानं तरी तोंड कसं उघडायचं? त्याला रिक्षाभाडं आणि जेवण. बारा वर्षांनी तो ऑर्केस्ट्रात गेला. मी त्याला नावं ठेवली, चारचौघांत ठेवली. मुलाला त्यानं हे शिकवलं नाही, आणि बरोबर केलं. माझ्या फुकटात त्याचंही फुकट होतं, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. तेव्हा तू ‘मला नको, वादकांना द्या’ असं पुण्यवान वाक्य लिहू नकोस. तू घेतलंस तरच त्यांना मागता येईल.

फोर्टातल्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचं नूतनीकरण २०१९ साली पुरं झालं. जाऊन बघ, डोळे निवतात. त्या कामावरच्या गवंड्याला कुणी ‘यथाशक्ती’ म्हणालं नसेल. छप्पर गळतं ते दिसतं, म्हणून त्याला पैसा उभा राहतो. चाल गळते ती दिसत नाही.

पूर्व युरोपातले आपले ज्यू वाजंत्री, क्लेझमर, लग्नात वाजवायचे आणि पाहुणे एकेका नाचाचे पैसे मोजायचे. धंदा होता तो, बाप मुलाला शिकवायचा. अमेरिकेत ते संगीत जवळजवळ विझलं होतं, १९७०च्या दशकात तरुण पोरांनी पुन्हा उचललं. मंचावर, तिकीट लावून, त्यात जाझ घालून. कुणी नाक मुरडलं असेल, मुरडू दे. आपल्यातली सायोना बेंजामिन घे. मुंबईत वाढली, अमेरिकेत चित्रं काढते, तिच्या बायका निळ्या कातडीच्या. फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली म्हणून इथं येऊन आपल्या लोकांचे चेहरे तिनं निवांत गोळा केले. निवांतपणा विकत घ्यावा लागतो. आणि केहिमकर? बेने इस्राएलांचा इतिहास त्यांनी लिहून संपवला १८९७ साली, छापून आला १९३७ साली, तेल अवीवला. तोवर ते राहिले नव्हते. या चाळीस वर्षांचं मला अजून कोडं आहे.

आता एक गोष्ट सांगतो ती तुला पटणार नाही, आणि मलाही रोज पटतेच असं नाही.

अलिबागकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, नात्यानं माझ्या मावशी लागायच्या. योसेफाच्या आख्यानातल्या सात चाली त्यांना येत होत्या, जुन्या. परदेशातून एका संस्थेची माणसं ध्वनिमुद्रणाला आली. कॅमेरावाला पगारी, दुभाष्या पगारी, गाडी भाड्याची. मावशींना शाल. मी मध्ये पडलो. म्हटलं, बाईंना पैसे द्या, नाहीतर मुद्रण नाही. ते म्हणाले, तशी तरतूद नाही. मी म्हटलं, मग या. ते गेले. मावशी मला म्हणाल्या, “अरे, मला गाऊन तर घेऊ द्यायचंस.”

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. सातांपैकी दोन चाली मला येतात.

तू म्हणशील, अंकल, तुमच्या हट्टापायी पाच चाली गेल्या. हो, गेल्या. पण त्या एका दिवसात गेल्या का? चाळीस वर्षं त्या बाईंना कुणी मलिद्याच्या प्रसादाला, लग्नाला, सणाला बोलावून चार पैसे हातावर ठेवले असते, तर शिकायला दोन पोरी बसल्या असत्या. मलिद्याचे पोहे, नारळ, वेलची विकतच आणतो ना आपण? गाणारी तेवढी फुकट. माझं चुकलं असेल तर इतकंच की मी भलत्या दिवशी अडून बसलो. अडायचं होतं ते बावीस वर्षं आधी, स्वतःसाठी. तेव्हा गप्प राहिलो आणि मावशींच्या वेळी शूर झालो. त्यांना न विचारता.

म्हणून तुला तुझ्या पत्रातच अडून बसायला सांगतोय. आत्ता. आकडा लिही.

ते ‘बजेट नाही’ म्हणाले तर हॉलचं भाडं, केटरर आणि फ्लेक्सचे पैसे कुठून आले ते विचार. ओरडू नकोस, नुसतं विचार. तरी नाहीच म्हणाले तर कार्यक्रम सोडायचा की नाही ते तू ठरव. माझा सल्ला तुला ठाऊक आहे, आणि त्याची किंमतही मी वर लिहिली आहे.

रविवारी ये, ठाण्याला. शब्बाथला, शनिवारी नको, आणि सकाळी दहाच्या आत तर नकोच, दहापर्यंत खोकला असतो. फोन घेऊन ये. दोन चाली पुऱ्या देतो, तिसरीचा नुसता पहिला चरण येतो, तो तुझ्या एस्तेरला बसतो का पाहू. पेटी दुरुस्तीला टाकलीय, तेव्हा आवाजावरच भागवावं लागेल.

तुझा,
अंकल