जिग हेडच्या साच्यासाठी स्वस्त फवारा: आधी काजळी, मग ग्राफाइट

तुमचा प्रश्न असा आहे: ॲल्युमिनियमच्या दोन फाळ्यांच्या साच्यात १ औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची जिग हेड (मासेमारीच्या गळावर ओतलेली शिशाची डोकी) ओतताना नग साच्यात अडकतो, मानेवरचा जो काटा रबरी मासा धरून ठेवतो तो अर्धवटच उमटतो, बाहेरून मागवायचा रिलीज स्प्रेचा, म्हणजे नग साच्यातून सुटावा म्हणून मारायच्या फवाऱ्याचा डबा परवडत नाही, तेव्हा प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यांत वापरतात तो सिलिकॉनचा फवारा चालेल का?

सिलिकॉनचा फवारा घेऊ नका. कापराची काजळी किंवा घरी केलेला ग्राफाइटचा फवारा, यांपैकी कशानेही तुमचे काम भागेल. मात्र तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारींपैकी निदान एक तरी फवाऱ्याच्या अभावामुळे आलेली नाही, असे मला वाटते, आणि ते आधी नीट समजून घेतले नाही तर कोणताही डबा आणला तरी पैसे वाया जातील.

शिसे आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंचे एकमेकांशी मुळीच जमत नाही. वितळलेल्या अवस्थेतसुद्धा ते एकमेकांत जवळजवळ मिसळत नाहीत, शिवाय ॲल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर कायम असतोच. त्यामुळे स्वच्छ आणि गुळगुळीत साच्याला शिसे डाग दिल्यासारखे चिकटून बसणे शक्य नाही. नग अडकतो तो कुठेतरी शारीरिक अडथळा असतो म्हणून: खोबणीच्या कडेला उभी राहिलेली बारीक कूस (धातूचा धारदार काठ), ओरखडा, दोन फाळ्यांची जुळणी किंचित सरकलेली असणे, नाहीतर जळलेल्या तेलाचा चिकट थर. मग लेप लावायचा कशासाठी? मुख्यतः उष्णता अडवण्यासाठी. काजळीचा किंवा ग्राफाइटचा पातळ कोरडा थर गरम शिसे आणि थंड धातू यांच्यामध्ये गोधडीसारखा राहतो, शिसे क्षणभर अधिक पातळ राहते, आणि तेवढ्या अवधीत ते मानेवरच्या काट्यासारख्या बारीक जागी पोहोचते. नग सुटायला मदत होते ती त्याच्या जोडीने.

म्हणून पहिले काम धुण्याचे. नवा साचा कारखान्यातून येतो तेव्हा त्यावर यंत्रकामाचे तेल असते. भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने तो दोनदा घासा, पूर्ण वाळवा आणि शेवटी ॲसिटोनच्या बोळ्याने पुसा. हे सारे शेगडी पेटवण्याच्या कितीतरी आधी आणि उघड्या हवेत. मग खोबणीच्या कडेवरून नख फिरवा. नख जिथे अडेल तिथेच नग अडकतो. अशी कूस अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढावी, मात्र दोन फाळे जिथे एकमेकांना टेकतात ती सपाटी घासू नये, कारण ती एकदा गेली की प्रत्येक नगाला जोडावर शिशाचे पातळ पंख फुटू लागतात.

दुसरे काम तापवण्याचे. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. ओतण्यासाठी मी ते ३७० ते ४०० अंशांच्या दरम्यान ठेवतो, आणि साचा शेगडीच्या कडेला ठेवून हात लावता येणार नाही इतका तापवून घेतो. पहिले पाच-सहा नग तरीही सुरकुतलेलेच येतात. ते पुन्हा भांड्यात टाकायचे, त्यांच्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. नगावर सुरकुत्या असतील तर साचा किंवा शिसे थंड आहे, आणि पृष्ठभाग पिठूळ, दव पडल्यासारखा दिसत असेल तर जास्त तापले आहे, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरते. एक सूचना येथेच देतो. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक चकचकीत शिशावर खूपच कमी आकडा दाखवते. त्या आकड्यावर विश्वास ठेवून ज्योत वाढवणे धोक्याचे आहे. बुडवून मोजता येणारा के टाइपचा थर्मोकपल घ्या.

आता कापराकडे वळतो. जुने लोक साच्याला मेणबत्तीची किंवा रॉकेलच्या चिमणीची काजळी धरत असत. मेणबत्तीच्या काजळीबरोबर थोडे मेणही साच्यावर येते, आणि रॉकेल मुंबईत आता सहजी मिळत नाही. कापूर मात्र प्रत्येक घरात देवापाशी असतो आणि त्याची काजळी दाट, बारीक व कोरडी पडते. मी जुन्या पळीत कापराच्या दोन वड्या पेटवतो, साच्याचा एक फाळा पकडीत उलटा धरतो आणि ज्योतीच्या टोकाच्या जरासा वर, सतत हलवत ठेवतो. दहा-बारा सेकंदांत चकचकीत खोबणी आधी तांबूस, मग राखाडी आणि मग धुरकट होते. दोन दिवस दाढी न केलेल्या गालावर जशी छटा दिसते तशी छटा आली की थांबायचे. तव्याच्या बुडासारखा काळा थर चढवला तर बारीक नक्षी भरून जाते, हवा निघण्याच्या चरी बुजतात, आणि जो काटा उमटावा म्हणून हा खटाटोप केला तोच पुन्हा अर्धवट येतो. जास्त झालेली काजळी कोरड्या मऊ ब्रशने झटकावी, बोटाने पुसू नये, कारण बोटाचे तेल लागलेली जागा पुढच्या ओतणीत लगेच ओळखू येते. असा एक हात माझ्याकडे साधारण २० ते २५ नग टिकतो.

गोळे आणि पिरॅमिडसारखी साधी वजने ओतणाऱ्यांना एवढेच पुरे आहे. शिंगाळ्यासाठी तळाला बसवायच्या वजनावर नक्षी नसते, त्यामुळे तिथे याहून अधिक काही करण्याची गरज मला कधी पडली नाही.

खाडीतल्या जिताड्यासाठी बारीक मानेची जिग हेड ओतायची असतील तर ग्राफाइट अधिक चांगला, कारण तो काजळीपेक्षा घट्ट धरतो आणि निसरडाही असतो. गंमत अशी की ज्याला आपण शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे अजिबात नसते. असतो तो चिकणमाती मिसळलेला ग्राफाइट, आणि तोच इथे खऱ्या शिशापासून साचा वाचवतो. ४बी किंवा ६बी पेन्सिलचे टोक अडणाऱ्या कोपऱ्यात, हुकाची तार बसते त्या खाचेत आणि बिजागरीत घासणे हा तर जवळजवळ फुकटचा उपाय आहे.

फवारा करायचा असेल तर अगदी बारीक ग्राफाइट पावडर आणि ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्या दोनच वस्तू लागतात. पावडर नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारावी, अल्कोहोल प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत. माझे प्रमाण १०० मिलिलिटर अल्कोहोलला एक सपाट चहाचा चमचा पावडर असे आहे. अत्तराच्या बाटलीला असतो तसा बारीक पंप असलेल्या बाटलीत ते भरावे आणि आत सायकलचे दोन-तीन छर्रे टाकावेत, म्हणजे हलवल्यावर तळाला बसलेली पावडर उठते. फवारण्यापूर्वी प्रत्येक वेळी बाटली जोरात हलवा. न हलवता मारलेला फवारा म्हणजे नुसते महागडे पाणी, आणि तळाची सगळी पावडर शेवटी नळीत अडकते. हात धुण्याचे सॅनिटायझर मात्र यासाठी वापरू नये, कारण त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असते व ते साच्यावर चिकट होऊन जळते.

साचा कोमट असताना, एका वितीच्या अंतरावरून, एक हलका हात मारायचा. अल्कोहोल उडून गेले की हवा तर दुसरा. साचा तापलेला असताना किंवा शेगडी पेटलेली असताना हा फवारा मारू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ मुंबईच्या नेहमीच्या हवेतही ठिणगी मिळाली की पेट घेते. पहिल्या वर्षी घाईत मी पेटलेल्या शेगडीपासून दोन हातांवर फवारा मारला आणि उजव्या मनगटावरचे केस गमावले. निळी ज्योत दिवसाउजेडी दिसलीसुद्धा नाही, फक्त वास आला. तेव्हापासून साच्याला लेप आदल्या संध्याकाळी देतो आणि बाटली घरातच ठेवून गच्चीवर जातो.

आता तुमच्या मूळ पर्यायाकडे, म्हणजे सिलिकॉनकडे. हा फवारा उपनगरांत आणि वसईकडे प्लास्टिकचे कारखाने असल्यामुळे सहज मिळतो हे खरे, आणि नग त्याने सुटतोही. पण एक तर तो प्लास्टिकच्या तापमानासाठी केलेला असतो, शिशाच्या नव्हे, त्यामुळे धूर होतो आणि काही ओतणींनंतर साच्यावर थर साचतो. दुसरे, नगाच्या अंगाला लागलेले सिलिकॉन रंग धरू देत नाही. मी एकदा अशी तीस हेड रंगवली होती आणि प्रत्येकावर रंग मागे सरकून देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. सगळी पुन्हा वितळवावी लागली. टेफ्लॉनचा म्हणजे पीटीएफईचा फवारा तर घेऊच नका. २६० अंशांच्या पुढे तो टिकत नाही, आणि शिसे ओतण्याच्या तापमानाला त्यातून निघणारा धूर माणसाला ताप आणतो व पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा जीव घेतो. शेजारच्यांच्या गॅलरीत पोपट असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. खोबरेल, गोडेतेल, ग्रीस आणि गंज सोडवणारे तेलकट फवारे यांचा लाखेसारखा थर जमतो, आणि तोच पुढे नग पकडून ठेवतो.

पावडरींविषयीही दोन शब्द. शंखजिऱ्याची, म्हणजे हार्डवेअरवाले जिला फ्रेंच चॉक म्हणतात ती पावडर उष्णतेला टिकते. रबरी साच्यात ती उत्तम, ॲल्युमिनियमवर मात्र नीट धरत नाही. कॅरमची पावडर बहुधा बोरिक ॲसिड असते, जे तापल्यावर पाणी सोडते, आणि वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचे काहीही काम नाही.

विकतचा डबा घ्यायचाच असेल तर कोरड्या ग्राफाइटचा घ्या, तेलात मिसळलेला नको. बोरॉन नायट्राइडचा फवारा या सगळ्यांत सरस आहे, हे मान्य केले पाहिजे, पण वर्षाला शंभर-दोनशे नग ओतणाऱ्याने त्याच्या वाटेला जावे असे मला वाटत नाही.

काटा तरीही उमटत नसेल तर दोष लेपात नसून धातूत आहे. शिशात थोडे कथील घातले की ते बारीक जागी छान वाहते. एक किलो शिशात दोन टक्के कथील हवे असेल तर लॅमिंग्टन रोडला मिळणारी ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) सोल्डर तार साधारण ३५ ग्रॅम लागते. तिच्यातल्या राळेचा धूर निघून जाऊ द्यावा आणि वर आलेली मळी काढावी. शिवाय शिसे भंगारातले असेल तर त्यात जस्त आहे का ते पाहा. टायरच्या बॅलन्सिंगची काही वजने जस्ताची असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, त्यामुळे भांडे ४०० च्या खाली असले तर ती वर तरंगताना दिसतात आणि चिमट्याने काढता येतात. एकदा ते विरघळले की नग गुठळ्यांसारखे येतात, आणि माणूस उगाच फवाऱ्याला दोष देत बसतो. बॅटरीच्या प्लेटा घरी वितळवू नका. त्यांतून आर्सेनिकचे आणि अँटिमनीचे विषारी वायू निघू शकतात.

किनाऱ्यावर खडकांत सापडणारी जाळ्यांची जुनी शिशे पुष्कळ जण गोळा करतात, मीही करतो. त्यांच्या आरपार भोकात खारे पाणी आणि वाळू ठासलेली असते. अशी शिशे वितळलेल्या शिशात कधीही टाकू नयेत. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते आणि भांड्यातले शिसे थेट तोंडावर उडते. ती चेचून, गोड्या पाण्यात धुऊन, आठवडाभर उन्हात वाळवून, थंड भांड्यात तळाला ठेवावीत आणि मगच शेगडी पेटवावी. जून ते सप्टेंबर मी ओतकाम बंदच ठेवतो, कारण त्या हवेत साच्यालाही घाम फुटतो.

जागा उघडी हवी. स्वयंपाकघर किंवा बंद गॅलरी नको, आणि मुले व गरोदर स्त्रिया आसपास नकोत. शिशाचे शरीरातील कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. चष्मा, चामड्याचे हातमोजे, पायांत बंद बूट, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुऊन कपडे बदलल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही. मळीची भुकटीच सर्वांत वाईट. ती झाकणाच्या डब्यात साठवून धातूच्या भंगारवाल्याला द्यावी, कचऱ्यात टाकू नये.

साचा ठेवून देताना त्याला तेल लावण्याचा मोह होतो, कारण ॲल्युमिनियमला नसला तरी बिजागरीच्या पोलादी पिनांना आपल्या खाऱ्या हवेत गंज चढतो. तेल फक्त पिनांना, काडीच्या टोकाने एक थेंब लावा. खोबणीत शेवटचा ओतलेला नग तसाच राहू द्या, साचा बंद करा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह स्टीलच्या डब्यात ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी साबण-ॲसिटोनपासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही.