वाचकांचे प्रश्न : क्लिअरन्सचा फॉर्म आणि जुनी चूक

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेतच जन्मलेला, म्हणजे इथला नागरिक आहे. संरक्षण खात्याचे काम करणाऱ्या एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली आहे. तिच्यासाठी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, लागतो. कॉलेजात असताना मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला होता आणि त्यानंतर काही महिने तो समुपदेशकाकडे जात असे. गांजाच्या गमीजही (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) त्याने अधूनमधून खाल्ल्या आहेत. यातले काहीही फॉर्मवर लिहू नये, असे आमचे परिचित सांगतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक, मेरीलँड

उत्तर : परिचितांचा सल्ला कृपया मानू नका. क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ या फॉर्मवर जाणूनबुजून खोटे लिहिणे हा संघीय गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय पात्रतेचे जे निकष २०१७ पासून लागू आहेत, त्यांत मद्यपान आणि अंमली पदार्थ यांच्याबरोबरच अप्रामाणिक वर्तन हाही स्वतंत्र निकष आहे. त्यामुळे जी गोष्ट कदाचित माफ झाली असती, तीच लपवल्यामुळे नकाराचे कारण ठरते. अंमली पदार्थांविषयीचा प्रश्न मागील सात वर्षांपुरता असतो, परंतु मद्य किंवा अंमली पदार्थांशी संबंधित आरोप आयुष्यात कधीही झाला असेल तरी विचारला जातो, आणि न्यायालयाने नोंद पुसली असली तरीही बहुतेक प्रकरणांत तो सांगावाच लागतो.

गांजाबाबत आपल्या लोकांचा हमखास गैरसमज होतो. मेरीलँडमध्ये प्रौढांसाठी तो २०२३ पासून कायदेशीर असला, तरी क्लिअरन्स संघीय कायद्यानुसार दिला जातो आणि त्या कायद्यात राज्याची परवानगी ग्राह्य धरली जात नाही. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की, पूर्वीचे सेवन विचारात घेतले जाईल, पण तेवढ्यावरच निर्णय होणार नाही. फॉर्मवर सही केल्यानंतर मात्र सेवन पूर्णपणे बंद हवे. बेकायदा सेवन चालू असलेल्या व्यक्तीला क्लिअरन्स देण्यास कायद्यानेच मनाई आहे. परीक्षेच्या काळात मित्राच्या औषधचिठ्ठीवरील गोळ्या घेतल्या असतील, तर तेही सांगावे लागते, हे मुलाच्या कानावर घाला.

समुपदेशनाविषयी मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते, कारण लोक काय म्हणतील या भीतीने आपल्या घरांत उपचारच टाळले जातात. इथे उपचार घेणे मुलाच्या बाजूचे आहे. समस्या मान्य केली, समुपदेशकाने सांगितल्याप्रमाणे मद्य सोडले किंवा कमी केले आणि ते वर्तन बराच काळ टिकवले, तर निकषांनुसार ती जमेची बाजू ठरते. अंमली पदार्थांपासून दूर राहण्याचे आणि पुन्हा सेवन केल्यास क्लिअरन्स रद्द होऊ शकेल हे मान्य असल्याचे लेखी निवेदन सही करून देता येते. एकच प्रसंग, तोही जुना, आणि त्यानंतरचे स्वच्छ वर्तन यांचा एकत्रित विचार होतो. मंजुरीची हमी मात्र कोणीही देऊ शकत नाही.

न्यायालयाची कागदपत्रे आणि समुपदेशकाचे पत्र आताच मिळवा, आणि शंका असल्यास या विषयातील वकिलाला फॉर्म पाठवण्यापूर्वीच भेटा. फॉर्म मुलानेच भरावा. तपास अधिकारी मुलाखतीत प्रत्येक तारखेविषयी त्यालाच विचारतील.